परत आलेला सुलतान: मालदीवमधले सहा दिवस

बुरास्फति

तीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. प्रजासत्ताकाचा धडा चालू असताना एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, एकदा राजा गेला की परत येत नाही ना?" मी तिला इंग्लंडची गोष्ट सांगितली. १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, क्रॉमवेलचा अंमल आला, आणि १६६० मध्ये त्याच राजाचा मुलगा गादीवर बसला. तिचं समाधान झालं. गोष्ट लांबची होती आणि जुनी होती. आपल्या शेजारच्या समुद्रात, माझ्या आईचं लग्न झालं त्या सुमाराला, हेच घडलं होतं, हे मला निवृत्त झाल्यावर वाचताना कळलं. मालदीवमध्ये १ जानेवारी १९५३ ला प्रजासत्ताक जाहीर झालं आणि ७ मार्च १९५४ ला पुन्हा सुलतान आला. सगळे मिळून चौदा महिने. त्यातले पहिल्या अध्यक्षांच्या वाट्याला पुरते आठही आले नाहीत.

माझा भाचा मालेत, मालदीवच्या राजधानीत, बांधकामावर अभियंता आहे. "मावशी, लोक इथे निळं पाणी बघायला येतात," फोनवर म्हणाला, "तू काय बघणार?" मी म्हटलं, रस्ते बघेन.

मुंबईहून थेट विमान आहे. भारतीयांना तिथे उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो. निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म तेवढा भरावा लागतो. घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं. विमानतळ हुलुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. पूर्वी तिथून बोटीनंच मालेला जावं लागे, २०१८ पासून सिनमाले पूल झाला आहे. टॅक्सीनं दहा मिनिटांत आम्ही गावात होतो. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं मूळ शहर, अंगाला अंग लावून उभ्या इमारती, आणि स्कूटरची अखंड रांग.

भाच्याच्या खोलीत भिंतीवर दिवेही भाषेतलं कॅलेंडर होतं. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे जाणारी, मला एक अक्षर कळेना. त्याला म्हटलं, वार वाचून दाखव. तो वाचू लागला आणि मी पलंगावरून उठून उभी राहिले. आदीत्त, होम, अंगारा, बुद, बुरास्फति, हुकुरु, होनिहिरु. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पति, शुक्र, शनि! संस्कृतातला 'स' आणि 'श' यांच्या जिभेवर 'ह' झाला, बाकी सगळं ओळखीचं. मग मी एकेक शब्द विचारत सुटले. रस्त्याला मगु, म्हणजे मार्ग. घराला गे, म्हणजे गृह. दिवसाला दुवस. मासळीला मस. पैशाला रुफिया. देशाचं नाव दिवेही राज्जे, द्वीपांचं राज्य. प्रजासत्ताक होऊनही 'राज्य' हा शब्द त्यांनी सोडलेला नाही. आणि लोकांना म्हणायचं रय्यितुन. आपली रयतच ती. संसदेचं नाव रय्यितुंगे मजलिस. शिवकालीन पत्रांत वाचलेला शब्द इतक्या लांब, हिंदी महासागरात, अजून कामावर आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

या टिपणांना म्हणून मी त्यांचेच वार घातले आहेत.

हुकुरु

शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत माले मिटलेलं असतं. दुकानं बंद, बोटी बंद. मला ते सोयीचंच होतं, कारण शुक्रवारची मशीद, हुकुरु मिस्की, सकाळच्या शांततेत बाहेरून नीट बघता आली.

ही मशीद १६५८ ची, सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळातली. प्रतापगडाच्या लढाईच्या एक वर्ष आधीची. दगड नाही, विटा नाहीत. समुद्रातलं प्रवाळ ओलं असताना कापायचं, वाळवायचं, आणि खाचेत खाच बसवून भिंत उभी करायची. त्या भिंतीवरचं कोरीवकाम जवळून पाहिलं तर लाकडावरचं वाटतं. शेजारी पांढराशुभ्र गोल मनोरा, मुन्नारू, १६७५ चा. भोवती दफनभूमी. तिथल्या शिळा बघून माणूस ओळखता येतो: पुरुषाच्या शिळेचा माथा टोकदार, बाईच्या शिळेचा गोल. सुलतानही इथेच झोपले आहेत. ११५३ मध्ये इथला राजा मुसलमान झाला, तेव्हापासून धरली तर आठशे वर्षांची गादी. मधली पोर्तुगिजांची १५५८ ते १५७३ ही पंधरा वर्षं सोडली तर ती जवळजवळ सलग चालली. आठशे वर्षांची सवय चौदा महिन्यांत मोडत नाही, असं तिथे उभं राहून मनात आलं.

मशिदीसमोर रस्त्यापलीकडे मुलिआगे. पांढरी-निळी, कमानींची, सिलोनमधल्या बंगल्यांची आठवण देणारी वास्तू. सुलतान मुहम्मद शम्सुद्दीन तिसरा यानं ती आपल्या मुलासाठी बांधवली होती. युवराजाला ती लाभली नाही. बापाला १९३४ मध्ये पदच्युत करून बाप-लेकाला दक्षिणेतल्या फुवमुला बेटावर धाडलं गेलं. त्याआधी दोनच वर्षं, डिसेंबर १९३२ मध्ये, देशाला पहिली लिखित राज्यघटना मिळाली होती. १९५३ मध्ये हीच वास्तू पहिल्या अध्यक्षांचं निवासस्थान झाली. फाटकापाशी पहारेकरी होता. फोटो काढू का म्हणून खूण केली, त्यानं मान हलवली. मी दोन काढले आणि समोरच्या झाडाखाली बसून राहिले.

या घरात जवळजवळ आठ महिने राहिलेला माणूस मोहम्मद अमीन दीदी. जन्म १९१०. राजघराण्याशी नातं, शिक्षण सिलोनमध्ये आणि मग आपल्या अलीगढ विद्यापीठात. परतल्यावर सरकारी खाती एकामागून एक त्याच्या हाती आली. त्या वेळी गादीवर निवड झालेले सुलतान अब्दुल मजीद दीदी परदेशात राहत. त्यांचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. कारभार अमीन दीदी पाहत. मुलींसाठी शाळा काढली, १९४४ ची अमीनिया शाळा, आजही भरते. बायकांनी शिकावं, बाहेर पडावं, यासाठी भाषणं दिली. पक्ष काढला, देशातला पहिला. दिवेही भाषेत लिहिलं. १९५२ च्या फेब्रुवारीत अब्दुल मजीद वारले, आणि पुढचा सुलतान कोण या प्रश्नाला अमीन दीदींनी उत्तर दिलं की सुलतानच नको. लोकांचा कौल घेतला गेला, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी देश प्रजासत्ताक झाला. वर इंग्रजांचं संरक्षण होतंच, १८८७ पासूनचं. परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडे, घरातला कारभार यांचा.

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले की प्रजासत्ताक खालून वर येतं. इथे ते वरून खाली आलं होतं. एका शिकलेल्या, घाई असलेल्या, मनापासून देशाचं भलं चिंतणाऱ्या माणसाच्या हातून.

संध्याकाळी दुकानं उघडली तशी आम्ही एका होट्यात गेलो. हॉटेल म्हणजे होटा. चहा म्हणजे सई. काचेच्या कपाटात हेदिका मांडलेल्या असतात, तिखट-गोड खायच्या वस्तू: बजिया (समोशासारखी, आत मासळी), गुळगुळीत गोल गुळा (त्यातही मासळी). मी शाकाहारी नाही, त्यामुळे माझी चंगळ झाली.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. हिंदी चांगलं बोलत. चित्रपटांनी शिकवलं म्हणाले. मी त्रेपन्न सालाबद्दल विचारल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांना घोषणा आठवत नाही, निशाण आठवत नाही. त्यांना वडिलांचा गुडुगुडा आठवतो. (आपली गुडगुडीच.) अमीन दीदींच्या सरकारनं तंबाखू ओढण्यावर बंदी आणली आणि वडिलांनी गुडुगुडा तांदळाच्या रिकाम्या पिंपात लपवला. "पिंप रिकामंच होतं," आजोबा म्हणाले, "म्हणून तर त्यात मावला."

मी त्या वाक्यावर रात्री बराच वेळ विचार करत होते.

होनिहिरु

शनिवारी हिम्माफुशीची बोट पकडली. हिम्माफुशीत मला काही करायचं नव्हतं. तिथे जाताना वाटेत दिसणारी दोन बेटं बघायची होती.

आधी त्या रिकाम्या पिंपाबद्दल. या देशात भात पिकत नाही. बेटांवर नारळ, फणसासारखं दिसणारं बांबुकेयो, थोडा अळूकंद. बाकी धान्य जहाजानं यायचं, आणि त्याच्या बदल्यात सुकवलेली मासळी जायची. दुसऱ्या महायुद्धात जहाजं यायची थांबली आणि माणसं झाडपाला खाऊन जगली. त्या काळाला अजून बोडु तदु दुवस म्हणतात, मोठ्या कष्टाचे दिवस. ती आठवण ताजी असतानाच नवं सरकार आलं होतं, आणि धान्याची टंचाई काही संपली नव्हती. मासळीच्या निर्यातीचा व्यापार अमीन दीदींनी सरकारकडे घेतला होता. त्यामागचं कारण मला पटतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या थाटल्या होत्या, आणि देशाची आयात-निर्यात बघता बघता परक्यांच्या हातात गेली होती. आपला नफा आपल्या खजिन्यात यावा, त्यातून शाळा निघाव्यात, हा विचार चुकीचा कसा म्हणायचा? पण ज्या कोळ्याला मासळी देऊन घरी तांदूळ न्यायचा आहे त्याला खजिना दिसत नाही. त्याला पिंप दिसतं. वर त्याची गुडगुडीही काढून घेतली.

अमीन दीदींना मधुमेह होता. उपचारासाठी ते सिलोनला गेले. ते तिथे असताना, २१ ऑगस्ट १९५३ ला, मालेत उठाव झाला आणि त्यांची सत्ता गेली. उपाध्यक्ष इब्राहिम मुहम्मद दीदी यांनी सूत्रं हाती घेतली.

बोट मालेच्या उत्तरेला आली तेव्हा भाच्यानं बोट दाखवलं. दूनिदू. लहानसं, झाडीनं भरलेलं बेट. आजही ते कोठडीचं बेट आहे, चौकशीसाठी अटकेतल्यांना तिथे ठेवतात. देशात परतलेल्या अमीन दीदींना इथेच ठेवलं होतं. इथून मालेतलं आपलं घर त्यांना दिसत असेल. अंतर इतकं कमी आहे की वाऱ्याबरोबर अजान ऐकू यावी.

१९५३ च्या अखेरीला ते मालेत आले, सत्ता परत मिळवायचा प्रयत्न फसला, आणि जमावानं त्यांना बेदम मारलं. त्याच रयतेनं, जिच्या मुलींसाठी त्यांनी शाळा काढली. मग त्यांना बोटीत घालून बेटांवर धाडलं गेलं, आणि १९ जानेवारी १९५४ ला विहमनाफुशी बेटावर त्यांचा मृत्यू झाला. वय त्रेचाळीस.

विहमनाफुशी नंतर दिसलं. तिथे आता कुरुंबा नावाचं रिसॉर्ट आहे, १९७२ मध्ये सुरू झालेलं, मालदीवमधलं अगदी पहिलं. आज साऱ्या जगाला या देशाची जी ओळख आहे, पाण्यावरच्या खोल्या आणि पांढरी वाळू, ती इथून सुरू झाली. आमची बोट लांबूनच गेली. किनाऱ्यावर छत्र्या दिसल्या, एक मूल पाण्यात उड्या मारत होतं. बोटीतल्या कुणीही त्या बाजूला पाहिलं नाही, त्यांचा रोजचा रस्ता. मी हात जोडले. भाच्यानं काही विचारलं नाही, माझ्या बाजूला सरकून बसला.

हिम्माफुशीत मस-हुनी खाल्ली: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हातानं कुस्करून, बरोबर रोशी, म्हणजे रोटी. परत येताना पाऊस.

आदीत्त

माझी आजी रविवारला आदितवार म्हणायची.

सकाळी सुलतान पार्कात गेलो, त्याला आता रसरानी बगीचा म्हणतात. रस म्हणजे राजा. रसरानी म्हणजे राणी. इथे राजवाडा होता. दुसरं प्रजासत्ताक आल्यावर, १९६८ मध्ये, तो पाडला. एका जुन्या इमारतीपुरता अवशेष उरला आणि बाकी बाग झाली. मला ते बघवलं नाही. माझा जीव राजेशाहीत अडकलेला नाही. पण शत्रूचा किल्लासुद्धा आपण जपतो, मग आपल्याच माणसांनी आठशे वर्षं ज्याच्याकडे पाहिलं ते घर का पाडायचं? मला वाटतं, एकदा राजा परत आला होता, याची ती भीती असावी. दुसऱ्यांदा परत येईल तर राहायला जागा नको.

राष्ट्रीय संग्रहालयाची नवी इमारत शेजारीच आहे, चीननं बांधून दिलेली, २०१० ची. संग्रहालय मात्र जुनं, अमीन दीदींनी स्थापन केलेलं, ११ नोव्हेंबर १९५२ ला. म्हणजे प्रजासत्ताकाच्या सात आठवडे आधी. गादी अजून जायची होती आणि गादीचं संग्रहालय आधी तयार होतं! त्यांच्या दूरदृष्टीला यात दाद द्यावी आणि त्यांच्या घाईबद्दल यातच काळजी वाटावी. आत सुलतानांची सिंहासनं आहेत, पालखी, छत्र, जरीचे अंगरखे, फेटे. अंगरखे लहान आहेत, उंचीनं बेताच्या माणसांचे. बौद्धकाळातल्या प्रवाळमूर्तींचं दालन फार श्रीमंत असायला हवं होतं. ७ फेब्रुवारी २०१२ ला, राजकीय गोंधळाच्या दिवशी, जमावानं आत घुसून त्या फोडल्या. जे जोडता आलं ते जोडलं आहे. बाराव्या शतकाच्या आधीचा तो सगळा पुरावा होता, दुसरी प्रत नसलेला. वारांच्या नावात जे शिल्लक राहिलं ते दगडात राहू दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी शोधत होते तो माणूस इथे भेटायला हवा होता: मुहम्मद फरीद दीदी. राज्याभिषेक न झालेल्या अब्दुल मजीदांचा मुलगा. ७ मार्च १९५४ ला त्यांना गादीवर बसवलं. राजा परत आला तो असा. मुद्दाम लिहिते, कुणी तलवार उपसून आलं नाही, रयतेनं राजासाठी आक्रोश केला नाही. लोकांना तांदूळ हवा होता आणि एका माणसाच्या हुकमांतून सुटका हवी होती. प्रजासत्ताक नावाची गोष्ट त्यांना त्या माणसापासून वेगळी दिसलीच नव्हती, म्हणून तो गेला तशी तीही गेली. रिकाम्या जागेवर बसवायला जुनी खुर्ची हाताशी होती.

आणि राजा आला तरी राज्य राजाचं झालं नाही. सत्ता पंतप्रधानांकडे. आधी इब्राहिम अली दीदी, १९५७ पासून इब्राहिम नासिर. फरीद दीदी चौदा वर्षं गादीवर होते आणि त्या चौदा वर्षांत देशात एवढं घडलं की पुस्तक व्हावं: दक्षिणेत इंग्रजांचा हवाई तळ, तीन प्रवाळद्वीपसमूहांचं बंड, २६ जुलै १९६५ चं स्वातंत्र्य, त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. स्वातंत्र्यानंतर ते 'राजे' म्हणवले गेले. पण या सगळ्यात निर्णय त्यांचे फार थोडे. १५ मार्च १९६८ ला पुन्हा कौल घेतला, एक्क्याऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी प्रजासत्ताक मागितलं, आणि ११ नोव्हेंबरला ते लागू झालं. अध्यक्ष झाले नासिर, कालचे पंतप्रधान. फरीद दीदी पुढच्याच वर्षी, मे १९६९ मध्ये गेले.

संध्याकाळच्या विमानानं आम्ही दक्षिणेतल्या गन बेटाला निघालो. भाच्यानं चार दिवसांची रजा काढली होती. "आता मलाच उत्सुकता लागली," म्हणाला.

होम

अड्डू, गन ज्यात आहे तो प्रवाळद्वीपसमूह. मालेच्या दक्षिणेला पाचशे किलोमीटरहून जास्त. विमानात झोपेतच विषुववृत्त ओलांडलं. सकाळी डोळे उघडले ते पांढऱ्या पाखरांच्या आवाजानं. पांढरी सुरय, शुभ्र पंखांची आणि काळ्या डोळ्यांची. मालदीवमध्ये ती फक्त इथेच आढळते. झाडाच्या उघड्या फांदीवर, घरटं न करता, एकच अंडं घालते.

गन बेट सपाट आणि आखीव आहे, लष्करी छावणीसारखं, कारण ते तसंच होतं. १९५६ मध्ये इंग्रजांशी करार झाला: शंभर वर्षांसाठी तळ, वर्षाला दोन हजार पौंड. परत आलेल्या सुलतानाच्या सरकारचा हा करार. गनमधल्या लोकांना उठवून शेजारच्या फेदूवर बसवलं, फेदूच्या लोकांना पुढे मरदूवर ढकललं. कागदावर सही मालेत झाली आणि घरं इथे हलली. १९५७ मध्ये नासिर आले तेव्हा त्यांना हा करार स्वस्तातला वाटला, आणि तो होताच. त्यांनी काम थांबवायला सांगितलं. पण अड्डूच्या लोकांना तोवर तळावर मजुरी मिळू लागली होती, रोख पैसा, धान्य, दवाखाना. मालेहून त्यांना काय मिळत होतं? कर. १९५८ संपता संपता असाच एक नवा कर आला, आणि ३ जानेवारी १९५९ ला अड्डूनं स्वतःला वेगळं जाहीर केलं. हुवदू आणि फुवमुला सामील झाले. संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक. अध्यक्ष अब्दुल्ला अफीफ, हितदूचा, इंग्रजी जाणणारा, तळावर इंग्रज आणि गावकरी यांच्यातला दुवा.

म्हणजे पाहा, मालेत राजा परत आलेला, आणि त्याच्याच राज्याच्या टोकाला पुन्हा एक प्रजासत्ताक. हेही अल्पायुषी. पण हे खालून आलं होतं.

गन ते हितदू बेटांना जोडणारा रस्ता चौदा-पंधरा किलोमीटरचा आहे. भाच्यानं सायकली भाड्यानं घेतल्या. माझं वय बघून दुकानदार काळजीत पडला, पण रस्ता सपाट, वारा मागून, एका बाजूला खाडीचं फिकट पाणी आणि दुसऱ्या बाजूला गडद समुद्र. मी शाळेत सायकलनंच जात असे. फेदूत थांबलो, मरदूत नारळपाणी प्यायलो. दारादारांत जोली टांगलेल्या, दोरीच्या विणीच्या खुर्च्या, त्यात बायका बसून बोलत होत्या. इथली बोली मालेपेक्षा इतकी वेगळी की भाच्याला निम्मं कळेना.

हितदूत एका घरी पाणी मागितलं तर बसायला जोली मिळाली आणि खायला पपई. घरातल्या आजींशी त्यांच्या नातीनं दुभाषीपणा करत बोलणं घडवलं. अफीफचं नाव घेतल्यावर आजी एकदम ताठ बसल्या. "चांगला माणूस," एवढंच. मग थोड्या वेळानं स्वतःहून बोलल्या, हुवदूबद्दल. मालेच्या सैन्यानं १९६२ मध्ये तिथलं तिनदू बेट पूर्ण रिकामं केलं. भरलं गाव उठवलं, माणसं पांगवली. लोक परतू शकले ते १९६६ मध्ये. आजींची मावशी तिथली. त्या मावशीचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

इंग्रजांनी शेवटी मालेशी नव्यानं करार केला आणि सुवादीवच्या पाठीवरचा हात काढला. सप्टेंबर १९६३ मध्ये ते प्रजासत्ताक संपलं. अफीफ कुटुंबासह सेशेल्सला गेले. इंग्रज स्वतः १९७६ मध्ये गन सोडून गेले, मूळ करारातल्या शंभर वर्षांपैकी वीसच पुरी करून. त्यांच्या बराकी आहेत, त्यांच्यापैकी काहींत आता पर्यटक उतरतात.

परत येताना वारा समोरून होता. दमले, पण उतरले नाही.

अंगारा

आज ११ नोव्हेंबर, प्रजासत्ताक दिन. सकाळच्या विमानानं मालेत परतलो. जुम्हूरी मैदानावर मोठा ध्वज, लाल चौकटीत हिरवा आयत आणि त्यात पांढरी चंद्रकोर. सुट्टी असल्यानं पोरं कबुतरांमागे धावत होती, बापलोक बाकांवर.

बाकावरच्या दोन तरुणांत नव्या कायद्याची चर्चा चालली होती, भाच्यानं ऐकून सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही या देशात तंबाखू विकत घेता येत नाही आणि ओढताही येत नाही. बहात्तर वर्षांपूर्वी ज्या बंदीनं एक सरकार पडायला हातभार लावला, तीच आता पिढी बघून, हळूहळू, निवडून आलेल्या सरकारनं आणली आहे, आणि लोक बाकावर बसून वाद घालत आहेत. मला अमीन दीदींची फार आठवण झाली. त्यांना वेळ मिळाला असता तर, असं म्हणणं सोपं आहे. वेळ त्यांनी स्वतःलाही दिला नव्हता.

विमानाला चार तास होते. मी म्हटलं होतं रस्ते बघेन, ते राहिले होते. मजीदी मगु मालेच्या मधून आडवा जातो, सगळी मोठी दुकानं त्याच्यावर. राज्याभिषेक न झालेल्या सुलतानाचा रस्ता. दक्षिणेकडे अमीनी मगु. ज्याला जमावानं मारलं त्याच्या नावाची पाटी, तिच्यावर कुणीतरी सायकल टेकवली होती. पाटीला हात लावून आले. देशानं त्यांची आठवण ठेवली आहे, आणि सुलतानांचीही. नावं पुसलेली नाहीत. राजवाड्याबद्दलची माझी तक्रार त्या पाट्यांसमोर थोडी शांत झाली.

शेवटी फरीदी मगु. अरुंद, सावलीचा. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. काउंटरवर विशीतला मुलगा होता. त्याला विचारलं, हा रस्ता कुणाच्या नावाचा? त्यानं खांदे उडवले, मग त्यालाच कसंसं वाटलं असावं, कारण त्यानं फोन काढला आणि शोधू लागला. पडद्यावर जुना काळा-पांढरा फोटो आला. त्यानं फोन माझ्याकडे वळवला, परत स्वतःकडे घेतला, खालचं वाचलं.

"रस्गेफानु," तो म्हणाला. राजा. मग फोटो मोठा करून चेहरा नीट पाहिला आणि मागे वळून आतल्या खोलीतल्या आईला हाक मारली, तिला दाखवायला.